आत्याच्या स्क्रीनवरचा बाण

आज सकाळी पुन्हा धुकं पडलं. दुबईत धुकं पडतं हे पुण्यातल्या लोकांना सांगून पटत नाही, त्यांच्या मते इथे नुसती वाळू आणि उंट. पण डिसेंबर लागला की एखाद्या पहाटे समुद्राकडून असं दाट येतं, की डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या समोरच्या इमारतीतलं रोज भांडणारं जोडपं नुसतं ऐकू येतं, दिसत नाही. काचा ओल्या होतात. गॅलरीतले टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाहीत. मला हे धुकं फार आवडायचं. मंदीच्या त्या हिवाळ्यानंतर आवडेनासं झालं.

आणि आजच नेमका निनादचा फोन यावा! लेक बर्मिंगहॅमला असतो, चांगल्या नोकरीत आहे. माझे हात कणकेत, म्हणून फोन स्पीकरवर. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मम्मा, आय फाउंड समथिंग. फ्री बेट्स. डोंट फ्रीक आउट, इट्स नॉट गॅम्बलिंग. इट्स जस्ट मॅथ्स. झीरो रिस्क. ईव्हनिंगला एक्सप्लेन करतो, ओके?" आणि ठेवला.

हेच वाक्य ह्याच हॉलमध्ये, ह्याच सोफ्यावर बसून त्याच्या बापाने मला मराठीत ऐकवलं होतं. "हा जुगार नाही गं मेधा, हे गणित आहे." आज फोन आला तेव्हा बाप समोरच होता. चष्मा पुसत होता, तो पुसायचा थांबला. माझ्याकडे बघायची मात्र छाती झाली नाही त्याची. त्या गणिताने त्याच्या सख्ख्या आत्याचं काय झालं, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. निनादला कोणी सांगितलेलं नाही.

मंदीचा तो हिवाळा म्हणजे न हलणाऱ्या क्रेनचा हिवाळा. धुक्यातून त्यांच्या नुसत्या माना वर दिसायच्या, सकाळी जिकडे वळलेल्या असायच्या तिकडेच संध्याकाळी. दर शुक्रवारी कोणाचा तरी निरोप. लिफ्टमध्ये 'सोफा, फ्रीज, बाळाची खाट, अर्जंट' असे कागद चिकटलेले. विमानतळावर लोक गाड्या टाकून पळाले म्हणत. टाकलेली गाडी मी काही पाहिली नाही, पण निनादच्या स्कूलबसमधल्या जागा मात्र रिकाम्या होत गेल्या. श्री, म्हणजे माझा नवरा श्रीरंग केळकर, एका बिल्डरकडे एस्टिमेटर होता. त्याला काढलं नाही, 'लाँग लीव्ह'वर पाठवलं. व्हिसा चालू, पगार बंद. एचआरवाला म्हणाला, "हबीबी, परिस्थिती सुधारली की बोलावू, इन्शाल्ला." त्या इन्शाल्लाच्या आधारावर आम्ही महिने काढायचे होते.

तर अशा वेळी माणूस काय करतो? नोकरी शोधतो, ओळखीपाळखी काढतो, कमी पगारावर का होईना उभा राहतो. आमच्या शहाण्यांनी काय केलं? पैसे 'निर्माण' करायला घेतले. ह्यातला मुख्य दीडशहाणा कारखानीस. हा रुवैसच्या रिफायनरीत, नोकरी पक्की, घरभाडं कंपनीचं. तरी गुरुवारी संध्याकाळी अडीच तास गाडी हाणत, बायकोला घेऊन आमच्याकडे हजर. माझे पोहे खात त्याने ती योजना उलगडली.

योजना अशी. इंग्लंडातल्या सट्टेवाल्या कंपन्या नव्या गिऱ्हाइकाला गळाला लावायला एक बेट फुकट देतात. ते फुकटचं बेट एका ठिकाणी 'हा संघ जिंकेल' म्हणून लावायचं, आणि त्याच वेळी दुसऱ्या ठिकाणी 'हा संघ जिंकणार नाही' म्हणूनही पैसे लावायचे. मग संघ जिंको, हरो, नाहीतर मैदानात झोपून राहो. एका हाताचं गेलं तर दुसऱ्या हाताने येतं, आणि फुकट बेटाचे बरेचसे पैसे आपल्याकडे उरतात. पंचवीस पाउंड, म्हणजे सव्वाशे-दीडशे दिरहॅम, म्हणजे सतराशे-अठराशे रुपये, असा तिहेरी हिशेब कारखानिसाने बोटांवर करून दाखवला. श्रीचे डोळे चमकले. पगार थांबल्यापासून प्रथमच चमकले, हे मला दिसलं. म्हणून मी लगेच मोडता घातला नाही.

"आणि हे असे पैसे वाटतात कशाला ते?" मी विचारलं.

"वहिनी, लोकांना सवय लागावी म्हणून. पण आपण सवय लावून घेणारच नाही ना! आपण फक्त फुकटचं घेणार आणि यल्ला, पुढच्या कंपनीकडे."

फुकट ते पौष्टिक! एवढाली शिक्षणं घेतलेली माणसं, आणि लग्नात शेजारच्या पंगतीतला लाडू पळवणाऱ्या पोरासारखी खूश. आणि एका गोष्टीचा विसर पडलेला. इथे जुगार म्हणजे पोलीस, तुरुंग, आणि मग परतीचं विमान. त्या साईटसुद्धा इथून उघडत नाहीत. शिवाय पत्ता हवा इंग्लंडचा. दोघेही जरा हिरमुसले. मग गरज पडली की जे होतं ते झालं. श्रीला नातेवाईक आठवले.

श्रीच्या वडिलांची एकुलती एक बहीण लेस्टरला होती. विजया बापट. मूलबाळ नाही. तिच्या यजमानांना जाऊन दोन वर्षं झालेली. त्यांच्या मागे राहिलं ते एक घर, एक कॉम्प्युटर आणि फोनवर "सगळे बरे आहात ना?" असं विचारणारा बारीक आवाज. दिवाळीला आणि वाढदिवसाला आम्ही तिला फोन करायचो. वाढदिवस मी आठवण करून दिल्यावर. तर त्या आत्याला श्रीने फोनवरून धडे देऊन कॉम्प्युटरमध्ये एक सोय करून घेतली, म्हणजे इथे बसून तिच्या कॉम्प्युटरवरचा माउस हलवता येईल. तिने फक्त तो चालू ठेवायचा. 'जिंकेल'ची बाजू आत्याकडून, आणि 'जिंकणार नाही'ची बाजू इंग्लंडातच स्लाऊला राहणाऱ्या कारखानिसाच्या मेव्हण्याकडून. दोन्ही एकाच घरातून लावल्या तर कंपनीला वास लागेल, ही ह्यांची हुशारी. ती लक्षात ठेवा. सगळं पुढे त्या हुशारीनेच केलं.

आता खातं एका माणसाला एकच. मग ह्यांना हवी माणसं. आणि तिथे कारखानिसाला सुचलं की आपल्या बायकांना दोन-दोन नावं असतात!

आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मी गद्र्यांची सुषमा. केळकरांच्या तांदळात मेधा झाले. सगळे हसत होते, नाव घ्या नाव घ्या म्हणत होते, मीही हसले. त्यानंतर माझ्या जुन्या नावाची कोणी साधी विचारपूस केली नव्हती. ती केली ह्या दोघांनी, सट्टेवाल्याच्या फॉर्मसाठी! कारखानीस तर गॅलरीत जाऊन सासूबाईंना फोन लावत होता, "आई, आपल्या नीलिमाचं आधीचं नाव काय हो होतं?" बायको आत माझ्याबरोबर कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर न करता तिथूनच आवाज दिला, "भारती. भारती होतं माझं नाव. मला विचारायचं की." कारखानीस "हां हां, भारती, राइट" म्हणाला आणि लिहून घेतलं.  मला त्या माणसाची अशी किळस आली, की पोह्यांची ताटली त्याच्या पुढ्यातून उचलून घ्यावीशी वाटली.

अशा रीतीने लेस्टरच्या त्या टीचभर घरात कागदोपत्री मी राहायला गेले, सुषमा गद्रे राहायला गेली, नीलिमा गेली, भारती गेली. आत्या स्वतः विजया बापट म्हणून होतीच. आणि श्रीला त्याचे बाबा बहिणीला मारायचे ती हाक आठवली, म्हणून आत्याच्याच माहेरच्या नावाची इंदुमती केळकरही झाली. ही सरळ सरळ फसवणूक होती. मी तसं म्हटलंही. "कोणाची? सट्टेवाल्यांची?" श्री म्हणाला. "त्या चोरांची दया येते तुला?" मला त्यांची दया अजिबात येत नव्हती. एकाकी माणूस हेरून त्याच्या खिशात हात घालणारे ते, त्यांची कसली दया! पण चोराच्या घरी चोरी करायला जाणाऱ्यालाही आपल्याकडे साव म्हणत नाहीत.

आत्याला मात्र काय आनंद! शनिवारी संध्याकाळी इथे श्री लॅपटॉप उघडून बसे. तिकडे दुपार असे, आणि तिच्या स्क्रीनवर तो छोटा पांढरा बाण आपोआप हलायला लागे. ती चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसायची. मला फोनवर सांगायची, "अगं, आत्ताच आला होता बाण. मी म्हटलं, श्री, चहा घेतोस का रे? तर जरा थांबला बघ. मला वाटलं, ऐकू गेलं." तिच्या खोलीतला हीटर ती एरवी काटकसरीने लावायची, शनिवारी आधीपासून लावून ठेवायची. बाण येणार म्हणून. एकदा श्रीने कोरं पान उघडून त्यावर टाइप केलं, 'आत्या, जेवलीस का?' ते तिने मला निदान तीन-चारदा सांगितलं. मी श्रीला म्हटलं, रोज लिहीत जा की एक ओळ, तुझ्या बापाचं काय जातं? म्हणाला, "मेधा, बेटांचे भाव बदलत असतात, एवढा टाइम नसतो." एकदाच लिहिलं त्याने ते.

आणि आत्याला सांगून ठेवलेलं, "कंपनीचा फोन आला, इंदुमती आहेत का म्हणून, तर हो म्हणायचं. मीच इंदुमती, म्हणायचं." ती म्हणाली, "त्यात खोटं काय आहे? मीच आहे की."

फेब्रुवारीत हे लोक आम्हाला खोर फक्कानला घेऊन गेले, फुकटच्या पैशांची पार्टी म्हणून. थंडीचं छान ऊन होतं. समुद्रात मालवाहू जहाजं नांगर टाकून नुसती उभी होती, मंदीत त्यांनाही काम नव्हतं. कारखानीस तळलेला मासा बोटांनी सोलत, जगातल्या मोठमोठ्या बँका कशा मूर्ख, त्यांना जोखमीचं गणितच कसं येत नव्हतं, ह्यावर व्याख्यान देत होता. स्वतः दोन बायकांच्या चार नावांवर धंदा करणारा माणूस! श्री मला म्हणाला, "सांग आता, कोणाचं नुकसान झालं?"  त्या प्रश्नाचा राग मला माशापेक्षा जास्त दिवस पुरला.

मग एप्रिलमध्ये उन्हाळा आला तसं ते सगळं आटोपलं. कंपन्यांना वास लागला, त्यांनी एकेका खात्याचं फुकट देणं बंद केलं. श्रीला अबू धाबीत कमी पगाराची का होईना नोकरी लागली. "खलास," कारखानीस म्हणाला. "वी वॉक्ड अवे विनर्स." मी सुटकेचा श्वास टाकला. पाच-पंचवीस पैसे मिळाले असतील, घराला हातभारही लागला असेल, मी नाही म्हणत नाही. पण लेस्टरला फोन करून 'आत्या, संपलं हं, आता कॉम्प्युटर बंद केलास तरी चालेल' एवढं सांगायचं कोणालाच सुचलं नाही. आत्या उन्हाळाभर कॉम्प्युटर चालू ठेवत राहिली. मला विचारायची, "श्री हल्ली येत नाही गं?" मी म्हणायचे, "नवी नोकरी ना आत्या, वेळ नसतो."

पुढच्या हिवाळ्यात ती आमच्याकडे महिनाभर राहायला आली. त्याही सकाळी असंच धुकं. विमान उशिरा उतरलं, आम्ही विमानतळावर ताटकळत उभे. बारा वर्षांच्या निनादने धावत जाऊन तिची ट्रॉली घेतली. तिने त्याचा गाल कुरवाळायला हात वर केला, बाही खाली घसरली आणि मला तिचं मोकळं मनगट दिसलं. तिच्या हातातल्या पाटल्या, परदेशी निघताना भावाने घातलेल्या, मी तिच्या हातावेगळ्या कधी पाहिल्याच नव्हत्या. श्रीला काही दिसलं नाही. त्याला विमान का उशिरा आलं ह्याचं कारण शोधायचं होतं.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी विचारलं. ती लपवणारी बाई नव्हती. "अगं, गेल्या," म्हणाली. "श्री करायचा तेच मी करत होते. पण मला काही जमलं नाही बघ."

श्री आतून आला. "काय करत होतीस?"

"तेच रे. संघ निवडायचा आणि हिरव्या चौकोनावर दाबायचं. तू दाबायचास तसं. तुला दर वेळी मिळायचं. मला वाटलं, बसल्या बसल्या होतंय, तर निनादच्या शिक्षणाला थोडे जमवावेत."

माझा हा शिकलेला, सुसंस्कृत नवरा तेव्हा काय म्हणाला असेल? "आत्या, काय हे!" किंवा "चुकलं माझं" असं? छे! तो म्हणाला, "अगं पण दुसरी बाजू? दुसरी बाजूही लावायची असते ना! त्याशिवाय तो नुसता जुगार झाला!"

आत्याने हातातली मेथीची काडी खाली ठेवली. "ती मला कुठे दिसली रे?" म्हणाली.

दिसणार कशी? ती स्लाऊला होती. हुशारी! तिच्या स्क्रीनवर अर्धंच गणित होतं आणि तेवढंच ती शिकली होती. श्री खुर्ची ओढून बसला. मी मेथीची जुडी टेबलावर आपटली. आयुष्यात इतकी मी त्याच्यावर कधी चिडले नव्हते.

"थांबायचं ना मग आत्या," मी म्हटलं. "पैसे जातायत म्हटल्यावर थांबायचं."

"थांबले होते की. पण तो पोरगा फोन करायचा." आत्या पुन्हा मेथी निवडायला लागली. "कंपनीतला. गोड बोलायचा. 'हॅलो इंदू, हाऊ आर यू, इंदू? फार दिवसांत आला नाहीत, तुमच्यासाठी दहा पाउंड फुकट ठेवलेत.' मला कळायचं गं तो कशाला फोन करतोय, मी काही इतकी खुळी नाही. पण तुझे सासरे गेल्यापासून मला इंदू म्हणणारं कोणी उरलं नाही. तिकडे मी विजयाबेन, नाहीतर मिसेस बापट. तुम्ही आत्या म्हणता. हा आपला आठवड्यातून दोनदा इंदू म्हणायचा. मग त्याला नाही म्हणायला जीव व्हायचा नाही."

श्री उठून आत गेला. मी बसून राहिले आणि मला रडू आलं, ते रागाचं की कशाचं ते आजही सांगता येणार नाही. चोरांना तिचं ते नाव पुरवलं होतं आमच्याच घराने. ह्याच हॉलमधून, पोहे खाता खाता.

नंतर श्रीने तिचं नुकसान भरून दिलं, तेवढा तो सरळ आहे. पाटल्या करून द्यायला निघाला, ती नको म्हणाली. लेस्टरच्या फोनचा नंबर बदलून घेतला, म्हणजे तो मेला पोरगा तरी सुटला. आणि मी दर रविवारी तिला फोन करायला लागले. पहिल्या रविवारी म्हटलं, "इंदूआत्या?"  पलीकडून एकदम लहान मुलीसारखी "ओ" आली. ती जाईपर्यंत माझा एकही रविवार चुकला नाही.

संध्याकाळी निनादचा फोन आला. मी स्पीकरवर ठेवला, श्री शेजारीच होता. मुलाने सगळं समजावून सांगितलं, तीच टेप. मी फक्त एकच विचारलं, "दुसरी बाजू कोण लावतं?"

"बोथ साइड्स मीच, मम्मा. आय'म नॉट स्टुपिड. माझी अकाउंट्स संपली, सो खालच्या मजल्यावरच्या मिसेस डनच्या नावावर करतोय. शी'ज एटी, एकटीच असते. शी डझन्ट माइंड अॅट ऑल. मी लॅपटॉप घेऊन जातो, ती केक वगैरे करून ठेवते. शी'ज सो स्वीट."

कणकेचा गोळा असता तर मी तो भिंतीवर मारला असता. तोंड उघडलं, एवढ्यात श्रीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. इतक्या वर्षांत ह्या विषयावर एक अक्षर न बोललेला माणूस. 

"निनाद, ते खातं आज बंद कर. आत्ता. तिला नीट सांग की बंद केलं." मग जरा थांबला. "पण तिच्याकडे जायचं बंद करू नकोस. शनिवारी जातोस ना? जातच राहा."

"ओके... बट व्हाय, बाबा? हू गॉट हर्ट?"

 श्रीने फोन माझ्यापुढे धरला. बाहेर पुन्हा धुकं उतरायला लागलं होतं. समोरच्या इमारतीतले दिवे पुसट झाले होते.

"बस जरा," मी मुलाला म्हटलं. "आणि ऐक. तुझ्या लेस्टरच्या आजीचं नाव इंदू होतं."